मुले सारखी नसतात : लैंगिक कल आणि लिंगभाव यांविषयी थोडेसे





गेल्या पालकसभेनंतर प्रश्नपेटीत ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या बऱ्याचशा परीक्षा, बस आणि गणवेश यांविषयी होत्या. त्यांची उत्तरे सूचनाफलकावर लावली आहेत. दोन चिठ्ठ्या मात्र आम्ही या पत्रिकेसाठी बाजूला काढून ठेवल्या. पहिली एका पालकांची आहे. ते लिहितात की मुले वर्तमानपत्रात आणि मोबाइलवर 'गे', 'ट्रान्सजेंडर' असे शब्द वाचतात व घरी येऊन अर्थ विचारतात, तेव्हा काय सांगावे ते कळत नाही. दुसरी चिठ्ठी वहीच्या फाडलेल्या पानावर आहे. तीत एवढेच लिहिले आहे : 'मला वर्गात सगळे छक्का म्हणतात. मी काय करू?' खाली नाव नाही.

हा शब्द शाळेच्या पत्रिकेत छापताना संकोच वाटतो. पण जो शब्द एका मुलाला रोज ऐकावा लागतो, तो आपण मोठ्यांनी एकदा वाचायला हरकत नसावी. पहिल्या चिठ्ठीतल्या प्रश्नाचे उत्तर घरोघरी मिळत नाही, म्हणूनच कोणाला तरी दुसरी चिठ्ठी लिहावी लागते, असे आम्हाला वाटते. त्यासाठी हा लेख. विषय नाजूक आहे, तेव्हा सावकाश वाचावा ही विनंती.

चार गोष्टी वेगवेगळ्या ओळखाव्यात

या विषयातला निम्मा गोंधळ चार निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे होतो. त्या एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट शरीराची. मूल जन्मले की डॉक्टर किंवा सुईण शरीर पाहून मुलगा की मुलगी ते सांगते. बहुतेक वेळा ते स्पष्ट असते. काही बालकांच्या बाबतीत मात्र गुणसूत्रे, ग्रंथी आणि बाह्य अवयव यांचा नेहमीचा मेळ नसतो. जीवशास्त्राच्या पुस्तकात आपण एक्स-एक्स म्हणजे मुलगी आणि एक्स-वाय म्हणजे मुलगा असे शिकतो. हा नियम बहुतांशी खरा आहे, पण निसर्गात त्याला अपवाद आहेत. एखाद्याला एक्स-एक्स-वाय अशी तीन गुणसूत्रे असतात. एखाद्या मुलीची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, परंतु शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसादच देत नसल्यामुळे तिची वाढ मुलीसारखीच होते. अशा व्यक्तींना इंटरसेक्स किंवा आंतरलिंगी म्हणतात. पुष्कळदा ही गोष्ट वयात येईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी गोष्ट लिंगभावाची, म्हणजे 'मी मुलगा की मुलगी' या आतल्या जाणिवेची. आपल्यापैकी बहुतेकांची ही जाणीव शरीराशी जुळलेली असते, म्हणून तिचा आपण कधी विचारही करत नाही. काहींची मात्र जुळत नाही. शरीर मुलाचे, पण मनातून आपण मुलगीच आहोत अशी खोल आणि टिकून राहणारी जाणीव असते, किंवा याच्या उलट असते. काहींना आपण या दोन्ही चौकटींत पुरते बसत नाही असे वाटते. अशा व्यक्तींना ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी म्हणतात. मराठीत तृतीयपंथी आणि आपल्याकडे हिंदीत किन्नर हे शब्द रूढ आहेत. पण हिजडा किंवा किन्नर हा गुरू-शिष्य परंपरा असलेला एक समाज आहे आणि प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या समाजात असतेच असे नाही. कोणी बँकेत नोकरी करते, कोणी शिकवते, कोणी पोलीस खात्यात असते.

तिसरी गोष्ट लैंगिक कलाची. हिंदीत ज्याला रुझान म्हणतात, तोच हा कल. वयात आल्यावर प्रेम आणि ओढ कोणाविषयी वाटते, हा त्याचा अर्थ. बहुतेकांना ती भिन्नलिंगी व्यक्तीविषयी वाटते. काही पुरुषांना पुरुषांविषयी आणि काही स्त्रियांना स्त्रियांविषयी वाटते. त्यांना समलिंगी म्हणतात. इंग्रजीतून आलेले गे आणि लेस्बियन हे शब्द त्यांच्यासाठीच आहेत. काहींना दोन्हींविषयी ओढ वाटते, ते उभयलिंगी. काहींना अशी ओढ फारशी वाटतच नाही. समलिंगी पुरुष स्वतःला पुरुषच मानतो. म्हणून समलिंगी म्हणजे तृतीयपंथी ही समजूत चुकीची आहे.

चौथी गोष्ट वागण्याबोलण्याच्या ढबीची. एखाद्या मुलाचा आवाज मऊ असतो, त्याला क्रिकेटपेक्षा रांगोळी आवडते. एखादी मुलगी केस बारीक ठेवते आणि कबड्डीत पोरांना पाणी पाजते. एवढ्यावरून त्यांच्या कलाविषयी किंवा लिंगभावाविषयी काहीही सांगता येत नाही. नारायणराव राजहंस म्हणजे आपले बालगंधर्व यांनी भामिनी आणि रुक्मिणी रंगवल्या, तेव्हा घरंदाज स्त्रिया त्यांची साडी नेसण्याची आणि दागिने घालण्याची तऱ्हा उचलत. ती त्यांची कला होती. रंगमंचावर ज्याला आपण टाळ्या दिल्या, त्याच हालचालींवरून वर्गातल्या मुलाला नावे ठेवणे बरोबर नाही.

शाळेत चिडवले जाते ते बहुधा या चौथ्या गोष्टीवरून, आणि चिडवणाऱ्याला पहिल्या तीन गोष्टींतले काही ठाऊक नसते. त्यामुळे मार त्यालाही बसतो जो समलिंगी नाही, पारलिंगी नाही, फक्त थोडा हळुवार आहे. आणि वर्गात जो कोणी खरोखर समलिंगी किंवा पारलिंगी असेल, तो मागच्या बाकावर बसून हे सगळे ऐकतो आणि आणखी गप्प होतो.

हे कशामुळे होते?

'आमच्या लाडाने झाले का?', 'वडील घरी नसत म्हणून झाले का?', 'मुलींच्या शाळेत घातले म्हणून झाले का?' असे प्रश्न पालकांच्या मनात येतात. याचे कोणतेही एक कारण विज्ञानाला सापडलेले नाही. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी कल ठरवणारे एखादे जनुक मिळाले नाही, पुष्कळ जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला आणि त्याशिवाय इतर घटकही असल्याचे दिसले. आईवडिलांच्या संगोपनात काही उणे राहिल्यामुळे असे होते, याला मात्र पुरावा नाही. तेव्हा पालकांनी स्वतःला दोष देऊ नये आणि एकमेकांनाही देऊ नये.

'शाळेत सांगितले तर मुले तशीच होतील' अशीही भीती एका चिठ्ठीत आहे. यावर थोडा विचार करावा. आपल्याकडचे सिनेमे, मालिका, गाणी, लग्नपत्रिका, पुराणकथा, सगळीकडे स्त्री-पुरुषांच्याच प्रेमाची वर्णने असतात. समलिंगी माणसेही तीच पाहत वाढली. त्यांचा कल काही त्यामुळे पालटला नाही. मग शाळेतल्या एका तासाने बाकीच्यांचा कसा पालटेल? माहितीने कल बदलत नाही. मात्र माहिती असली की चिडवणे कमी होते आणि एकट्या पडलेल्या मुलाला धीर येतो.

हा आजार आहे का?

नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी कल आजारांच्या यादीतून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तसाच निर्णय घेतला. २०१८ मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही समलिंगी असणे हा आजार नाही असे जाहीर केले. पारलिंगी असणेही जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या यादीत मानसिक विकारांत धरलेले नाही.

जो आजार नाही त्याला औषधही नाही. तरीही 'बरे करून देतो' म्हणणारे बाबा, वैद्य आणि दवाखाने आपल्याला भेटतात. शॉक, गोळ्या, गंडेदोरे, उपास, मारझोड, काय काय केले जाते! २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कल बदलण्याच्या अशा तथाकथित उपचारांना मनाई करण्याचे निर्देश दिले. त्यानंतर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरांच्या दृष्टीने व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. पैसे जातात ते जातातच, पण आपल्या आईवडिलांना आपण जसे आहोत तसे नको आहोत, एवढेच मुलाच्या मनावर कोरले जाते. समलिंगी किंवा पारलिंगी मुलांमध्ये उदासी अधिक आढळते. तिचे मोठे कारण हा तिरस्कार आणि लपवालपवी हेच आहे. त्या उदासीवर मात्र उपचार आहेत आणि ते जरूर घ्यावेत.

हे परदेशी खूळ आहे का?

अर्धनारीनटेश्वराची मूर्ती घारापुरीच्या लेण्यात शतकानुशतके उभी आहे. महाभारतातला शिखंडी आणि विराटाच्या घरी नृत्य शिकवणारी बृहन्नडा आपण लहानपणापासून ऐकत आलो. या कथांना आजच्या व्याख्या चिकटवण्याचा आमचा आग्रह नाही. पण स्त्री आणि पुरुष यांच्या मधल्या वाटा आपल्या पूर्वजांना ठाऊक होत्या, इतके त्यांवरून नक्की दिसते. बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांची परंपरा तर आजही जिवंत आहे. त्याच परंपरेतल्या मंजम्मा जोगती कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मध्यप्रदेशापुरते बोलायचे, तर १९९८ ते २००३ या काळातल्या विधानसभेत शबनम मौसी या किन्नर सोहागपूरच्या आमदार होत्या. मतदारांनी त्यांना कामासाठी निवडले.

परदेशातून काय आले म्हणाल, तर शिक्षा आली. १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेत कलम ३७७ घातले गेले आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या एका भागाने हिजड्यांची सरकारी नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला. माणसे आपल्याकडची होती, गुन्ह्याचा शिक्का इंग्रजांचा होता.

मराठीतही याविषयी लिहिले गेले आहे. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली. ठाण्याच्या लक्ष्मी त्रिपाठी यांचे 'मी हिजडा, मी लक्ष्मी' हे आत्मकथन २०१२ मध्ये आले. मोठ्यांनी ही पुस्तके जरूर वाचावीत.

कायदा काय सांगतो?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'नालसा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात तृतीयपंथी व्यक्तींना नागरिक म्हणून समान हक्क आहेत असे स्पष्ट केले आणि तृतीय लिंगाला मान्यता दिली. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली होती. इतके लोक या देशात आहेत हे त्या वेळी प्रथमच कागदावर आले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सज्ञान व्यक्तींनी परस्पर संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा निर्णय दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखे कलमच ठेवलेले नाही. समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता द्यायला मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने नकार दिला.

शाळांच्या दृष्टीने महत्त्वाचा कायदा म्हणजे पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेने पारलिंगी विद्यार्थ्यांना शिक्षण, खेळ आणि करमणूक यांत भेदभाव न करता सामावून घ्यावे, असे त्याचे तेरावे कलम सांगते. म्हणजे ही आमच्या मर्जीची बाब नव्हे, आमची जबाबदारी आहे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करावासा वाटतो. समलिंगी असणे आणि बालकांचे शोषण करणे यांचा काही संबंध नाही. अठरा वर्षांखालील मुलाशी किंवा मुलीशी कोणीही लैंगिक वर्तन केले, तर तो २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते करणारा पुरुष असो की स्त्री, विवाहित असो की नसो. मुलग्यांनाही या कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

लग्न करून दिले तर?

'एकदा चतुर्भुज केले की सगळे ठीक होईल' असा सल्ला वडीलधाऱ्यांकडून मिळतो. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत दुसऱ्याच्या लेकराचा जीव असतो. ज्या मुलाला मुलींविषयी ओढच नाही, त्याच्याशी लग्न झालेल्या मुलीने काय अपराध केला? वर्षानुवर्षे ती स्वतःतच उणे शोधत राहते. जातकुळी आणि पत्रिका जुळवताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढी काळजी याही बाबतीत घ्यावी. मूल 'मला लग्न करायचे नाही' असे पुन्हापुन्हा सांगत असेल, तर त्याला रागावण्याआधी कारण विचारावे आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवावी.

मुलाने काही सांगितलेच, तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलावे याचा विचार पालकांनी करून ठेवावा. 'तू आमचाच आहेस, आम्हाला समजायला थोडा वेळ दे' एवढे पुरे. पूर्ण पटायला वर्ष लागले तरी चालेल, पण मुलाला त्या रात्री घरात जेवायला आणि झोपायला निर्धास्तपणे जागा असली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो

ज्याने ती चिठ्ठी लिहिली त्याला आणि त्याच्यासारख्या प्रत्येकाला सांगायचे आहे की दोष तुझा नाही. तू कोण आहेस हे कोणालाही पटवून द्यायची गरज नाही. तुझ्या मनात स्वतःविषयी काही प्रश्न असतील तर आजच उत्तर काढायची घाईही नाही. वयात येताना मन पुष्कळदा बदलते, काहींना मात्र लहानपणापासून स्पष्ट ठाऊक असते. दोन्ही ठीक आहे. इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाला आपले फोटो किंवा गुपित देऊ नकोस. ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका मोठ्या माणसाशी बोल.

चिडवणाऱ्यांनाही सांगणे आहे. तुम्ही गंमत म्हणून जो शब्द फेकता, तो ऐकायला लागू नये म्हणून काही मुले मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात जात नाहीत आणि तहान लागली तरी पाणी पीत नाहीत. गंमत दोघांना हसू आले तरच गंमत. आणि जो जवळ उभा राहून ऐकतो, त्याने 'अरे, पुरे कर' एवढे म्हटले तरी फार मोठे काम होते.

शाळेने काय ठरवले आहे

या सत्रापासून जातीवरून, रंगावरून किंवा अपंगत्वावरून अपशब्द वापरल्यास जी कारवाई होते, तीच 'छक्का', 'बायल्या', 'मीठा' अशा शब्दांनाही लागू राहील. शिक्षकांनी कोणत्याही विद्यार्थ्याला 'तू तसा आहेस का?' असे विचारायचे नाही. आमचे काम मुलाची परीक्षा घेण्याचे नसून त्याला सुरक्षित ठेवण्याचे आहे. स्नेहसंमेलनात, हस्तकलेत आणि खेळांत मुलांची कामे आणि मुलींची कामे अशा याद्या लावल्या जाणार नाहीत.

विद्यार्थ्याने विश्वासाने शिक्षकांना काही सांगितले, तर ते त्याच्या इच्छेविरुद्ध घरी कळवले जाणार नाही. काही पालकांना हे रुचणार नाही याची आम्हाला कल्पना आहे. 'आमच्या मुलाचे आम्हालाच कळू नये का?' हा प्रश्न रास्त आहे. पण घरी मार बसेल किंवा शाळा सुटेल या भीतीने मुलाने कोणालाच काही सांगितले नाही, तर ते घरालाही कळत नाही आणि शाळेलाही नाही. आम्ही मुलाला घरी बोलण्यासाठी धीर देऊ आणि त्याची इच्छा असल्यास सोबत बसू. मुलाच्या जिवाला धोका असेल तर मात्र पालकांना कळवावेच लागेल आणि शोषण झाले असेल तर कायद्याप्रमाणे पोलिसांनाही.

विश्वस्त मंडळापुढे आमच्या दोन मागण्या आहेत. कार्यालयाजवळच्या जुन्या भांडारखोलीच्या जागी आतून कडी लागणारे एक स्वतंत्र स्वच्छतागृह बांधावे. कोणत्याही विद्यार्थ्याला कारण न सांगता ते वापरता यावे. अपंग विद्यार्थ्यांचीही त्याने सोय होईल. दुसरे म्हणजे आठवड्यातून एक दिवस प्रशिक्षित समुपदेशक शाळेत यावेत. दोन्हींच्या खर्चाचा अंदाज येत्या बैठकीत मांडला जाईल. सदस्यांनी त्याकडे इमारतीच्या रंगकामाइतकेच गांभीर्याने पाहावे.

तोपर्यंत ज्यांना बोलायचे आहे त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर प्राचार्यांच्या खोलीत यावे. दार लोटलेले असेल आणि बाहेर वही ठेवलेली नसेल, त्यामुळे कोण आले कोण गेले याची नोंद होणार नाही. शाळेत बोलायचे नसेल तर मुलांसाठी १०९८ हा आणि मन फार खचले असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्हींवर विनामूल्य बोलता येते. हे क्रमांक पालकांनी घरी फ्रीजवर किंवा कॅलेंडरवर लिहून ठेवावेत. कोणासाठी लिहिले ते सांगायची गरज नाही.

— प्राचार्य